पत्र्यावरचा पिवळा गळ

बॅड ॲक्स गावच्या त्या शेतकऱ्याने गोठ्याचं दार ओढलं तेव्हा मला आधी बकरी दिसली. ती जिच्या टपावर उभी होती ती गाडी नंतर दिसली. गाडी काळी होती, म्हणजे कुणीतरी घरच्या घरी फवारून काळी केली होती. मागची काच नव्हती आणि सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता. शेतकरी म्हणाला, सत्तर सालची चॅलेंजर आहे, आणि साधीसुधी नाही, आर-टी आहे, जोरदार इंजिनवाली. जुनी गाडी विकणारा जे सांगतो ते मी या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देतो. पण गाडीवरून माझी नजर हटत नव्हती, हेही खरं.

संध्याकाळी ती ट्रेलरवरून आमच्या अंगणात उतरली. माझी बायको वँडा हात पुसत पायरीवर उभी होती. तिने गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "बकरी का नाही आणलीस? निदान दूध तरी दिलं असतं."

मी गॉर्डी हर्ली. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला. आमच्याकडे माणूस निवृत्त झाला की एकतर तळ्यावर मासे धरत बसतो नाहीतर जुनी गाडी आणून उघडतो. मासे मला आवडत नाहीत. एक चॅलेंजर आपल्या हातांनी उभी करायची, कारखान्यातून ज्या रूपात बाहेर पडली अगदी त्याच रूपात, ही माझी फार जुनी हौस. तिच्यासाठी मी कित्येक वर्षं सुटे भाग जमवत होतो, आणि ते घराच्या मागच्या खोलीत छतापर्यंत रचून ठेवले होते.

या खोलीवरून आमच्या घरात एक विषय अडून बसला होता. माझे सासरे झिगमंड पिआँटेक पंच्याऐंशीचे होते आणि हॅमट्रॅमकमधल्या त्यांच्या जुन्या घरात एकटे राहत. हिवाळ्यात ते पायऱ्यांवरून पडले आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता एकटं राहणं पुरे झालं. वँडाने त्यांचं नाव वृद्धाश्रमात घातलं. उन्हाळा संपला की जागा मिळणार होती. मी एकदा चाचरत म्हणालो, आपल्याकडेच आणू या की त्यांना. ती म्हणाली, "खोली कुठंय? मागच्या खोलीत तुझं भंगार भरलंय." भंगार हलवता येतं, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

खरं कारण जुनं होतं. वँडा नऊ वर्षांची असताना, सत्तर सालच्या हिवाळ्यात, तिची आई अंथरुणाला खिळली आणि मार्चमध्ये गेली. सासरे तेव्हा हॅमट्रॅमकच्या कारखान्यात रंगून आलेल्या गाड्या तपासायचे. कारखाना घरापासून चालत जाण्याइतका जवळ, पण पाळी दहा तासांची. वँडा शाळेतून यायची तेव्हा आई एकटी पडलेली असायची. शेजारच्या झरेंबाबाई मधल्या वेळेत येऊन अंग पुसून जातात, सूप करून ठेवतात, असं आई सांगायची. शेवटच्या दिवशी पोर धावत कारखान्याच्या फाटकावर गेली. बाप बाहेर येईपर्यंत घरी सगळं संपलं होतं. वँडाच्या मनात एकच गोष्ट बसली: बायको मरत होती आणि हा माणूस दिवसभर लोकांच्या गाड्या तपासत होता.

ती त्यांचं सगळं करायची, औषधं, किराणा, दारातला बर्फ उपसणं. पण जवळ बसायची नाही. पोलिश घरात बापाला ताता म्हणतात. ती त्यांना तोंडावर झिगमंड म्हणायची, आणि ते निमूटपणे ओ द्यायचे. मला त्या दोघांच्या मध्ये जेवायला बसणं नको व्हायचं.

असो. गाडीकडे येतो. आर-टी ही अक्षरं हल्ली कुणालाही घरबसल्या विकत मिळतात आणि कुठल्याही डबड्यावर चिकटवता येतात. म्हणून आधी गाडीला तिचं नाव-गाव विचारायचं असतं. काचेखालची नंबराची पट्टी मी भिंगातून पाहिली. तिच्या रिवेटना कुणी हात लावला नव्हता. दुसरं अक्षर एस, म्हणजे आर-टीचं. म्हणजे शेतकरी खरं बोलला होता, आणि मी त्याच्यावर उगाच संशय घेतला होता. मग इंजिनावरचा नंबर शोधला, मग रेडिएटरच्या चौकटीवरचा. दोन्हींचे शेवटचे आकडे पट्टीशी जुळले. इंजिन जन्मापासून त्याच गाडीत होतं. त्या दिवशी मी गॅरेजमध्ये एकटाच हसत होतो आणि वँडाने खिडकीतून पाहून मान हलवली.

पट्टीवर कारखान्याचं अक्षर होतं बी. बी म्हणजे हॅमट्रॅमक. मग महिना कळावा म्हणून मी दाराच्या कडेवरचा काळा रंग बोटाच्या नखाएवढ्या जागेपासून हळूहळू उतरवत गेलो. खाली कागदी चिकटपट्टी शाबूत होती: फेब्रुवारी सत्तर. तिच्या बाजूला पत्र्याचा मूळ रंग दिसला, चक्क जांभळा. असली गाडी काळी करणाऱ्याला काय म्हणावं मला सुचेना.

आता शेवटचं राहिलं. इंजिन आणि बसायची जागा यांच्यामध्ये जो उभा पत्रा असतो, त्यावर कारखान्यातली माणसं मेणाच्या खडूने खुणा करायची. कुणाची फुली, कुणाचं अक्षर. तपासलं, पुढे जाऊ द्या, एवढाच त्यांचा अर्थ. आम्हा वेड्यांना त्या खुणा सोन्यासारख्या. मी इंजिन बाहेर काढलं. पत्र्यावर चाळीस वर्षांचा तेलकट थर होता. रॉकेलचा बोळा हातात घेतला होता, पण वेळीच आठवलं की रॉकेल मेणही खातं. मग कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि माझा जुना बनियन, असं घेऊन बसलो. दुपारपर्यंत थराखालून पिवळी रेघ वर आली. मासे धरायचा गळ असतो तसा आकार, आणि त्याच्या पोटात दोन ठिपके.

मला तो कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला. वँडाला हाक मारली. ती आली आणि वाकली.

"काकडीच्या बरण्या," ती म्हणाली.

मग मलाही आठवलं. सासऱ्यांच्या तळघरात खारवलेल्या काकड्यांच्या बरण्यांवर हाच गळ असायचा. फावड्याच्या दांड्यावर, नाताळच्या खोक्यांवर, वँडाच्या शाळेच्या डब्याच्या पिशवीवरसुद्धा. घरात जे काही त्यांच्या हातून तपासून जायचं त्यावर ते खूण करायचे. मी तर हरखूनच गेलो. माझ्या सासऱ्यांनी तपासलेली गाडी माझ्याच अंगणात! कुणाला सांगू आणि कुणाला नको असं झालं.

वँडाने विचारलं, "महिना कुठला म्हणालास?"

"फेब्रुवारी."

"फेब्रुवारीत आईला कूससुद्धा बदलता येत नव्हती," ती म्हणाली. "आणि हे इथं जांभळ्या गाड्यांवर गळ काढत होते. आता पुरावाही घरात आला." ती आत गेली आणि स्वयंपाकघरात भांडी आपटल्याचे आवाज आले. मी बनियन पिळत बसलो. ती गाडी आणून मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, असं मला पहिल्यांदाच वाटलं.

रविवारी वँडा सासऱ्यांना जेवायला घेऊन आली. उकडलेल्या करंज्यांसारखे पिएरोगी आणि कोबी खाऊन झाल्यावर मी त्यांना गॅरेजमध्ये नेलं. वँडाने नेऊ नको असं डोळ्यांनी सांगितलं होतं. पण कारखाना पाडून तीस वर्षं झाली, आणि या माणसाच्या हातची एक तरी निशाणी त्याला दाखवल्याशिवाय मला राहवलं नसतं. शिवाय गप्प बसणं माझ्या स्वभावातच नाही.

सासऱ्यांनी काठी गाडीला टेकवली, खिशातून चष्मा काढला आणि पत्र्याशी नाक नेलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"ही माझी नाही," ते म्हणाले.

दारात वँडा येऊन उभी होती. ती म्हणाली, "आता हेही नाकबूल करा. बरण्यांवर भुतं येऊन काढून जायची."

"बरण्यांवरची माझी. ही नाही." त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. "खडू आहे का रे, मिस्टर?" चिडले किंवा लाडात आले की ते मला मिस्टर म्हणतात. मी पिवळा खडू दिला. त्यांनी तो डाव्या हातात धरला आणि बाजूला पडलेल्या पुठ्ठ्यावर एका फटक्यात गळ काढला. गळ डावीकडे कलला. पत्र्यावरचा उजवीकडे कललेला होता. ठिपकेही त्यांचे ओढलेले, पत्र्यावरचे टेकवलेले.

"मी डावखुरा. माझा गळ कायम त्या बाजूला झोपतो," ते म्हणाले. "हा उजव्या हाताने काढलाय. ओडेलने."

ओडेल टर्नबो हे नाव मला माहीत होतं. मागच्याच हिवाळ्यात, पडायच्या थोडं आधी, सासरे सूट चढवून बसने एकटेच त्याच्या अंत्यविधीला गेले होते. कारखान्यात गाड्या सरकत जायच्या त्या लाइनवर शेजारी उभा राहून तो वायपरची मोटर बसवायचा, एवढंच त्यांनी सांगितलं होतं.

"त्याने तुमची खूण का काढायची?" मी विचारलं.

मग त्यांनी लाइनवरची एक रीत सांगितली. शेजारी उभे असणारे दोघं एकमेकांचं काम शिकून घ्यायचे. गरज पडली की एकजण दोघांचं काम अंगावर घ्यायचा आणि दुसरा तासा-दोन तासांसाठी गायब व्हायचा. गाड्या वेळेवर पुढे जात असल्या की मुकादम काणाडोळा करायचा. पण वरच्या कुणी पाहिलं तर दोघांवरही घरी बसायची वेळ. म्हणून खूणसुद्धा हुबेहूब काढावी लागायची. ओडेलने ती जेवणाच्या सुट्टीत डब्याच्या कागदावर गिरवून गिरवून शिकली होती, फक्त कल त्याला काही जमला नाही.

"त्या हिवाळ्यात मधल्या दोन तासांत जेवढ्या गाड्या गेल्या, त्या सगळ्यांवर त्याचाच गळ आहे," ते म्हणाले. "रोजच्या."

विचारायचं ते विचारायला माझी जीभ रेटेना. वँडाने विचारलं. आवाज तिचा होता पण लहान झालेला.

"आणि तुम्ही कुठे असायचात?"

"घरी," ते म्हणाले. "तुझ्या आईपाशी."

वँडा जवळ आली नाही. तिने तिथूनच, दाराच्या चौकटीला धरून, परीक्षा घेतल्यासारखं विचारलं, "सुपात काय असायचं?"

"बटाटे. गाजर. वरून शेपू. तमालपत्र मी काढून टाकायचो, तुझ्या घशात अडकेल म्हणून." त्यांनी अंगठा आणि बोट यांच्यामध्ये जरासं अंतर धरून दाखवलं. "गाजराचे तुकडे एवढे. सगळे सारखे. तुला लहानमोठे चालायचे नाहीत."

ते तुकडे मला पाठ होते. लग्न झाल्यापासून ऐकत आलो होतो की झरेंबाबाईंसारखं गाजर जगात कुणाला चिरता आलं नाही. दर वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला, कबरींवर मेणबत्त्या लावायच्या सणाला, वँडा आईची मेणबत्ती लावून झाली की दोन रांगा पलीकडे झरेंबाबाईंच्या कबरीपाशी जायची. तिथे मेणबत्ती लावून मोठ्याने म्हणायची, "सुपाबद्दल आभारी आहे." हा माणूस दर वर्षी तिच्या मागे टोपी हातात घेऊन उभा असायचा. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

"मग बोलला का नाहीत?" वँडा म्हणाली. "एकदा तरी. मी काय काय बोलले तुम्हाला."

"नऊ वर्षांची पोर शाळेत बोलून गेली असती तर ओडेलची पाच पोरं उपाशी मेली असती. त्याला शब्द दिला होता. तो होता तोवर बोलायचं नाही." ते चष्मा पुसत होते. "आणि त्या झरेंबाबाईला मागे कुणी नव्हतं गं. एक मेणबत्ती तरी मिळत होती बिचारीला. म्हटलं, लावू दे."

वँडा वळून घरात गेली. या वेळी भांडी वाजली नाहीत. ती बाहेर आली ती थेट आमच्या रोजच्या गाडीत बसली आणि बापाला घरी सोडायला निघाली. मला वाटलं होतं गळ्यात पडतील, रडतील. तसलं काही झालं नाही, आणि रात्री मी विषय काढला तर म्हणाली, मला काही विचारू नकोस. महिनाभर ती त्यांना नावानेही हाक मारत नव्हती. कशानेच मारत नव्हती. वृद्धाश्रमातलं त्यांचं नावही कुणी रद्द केलं नाही.

मी आपला गाडीला लागलो. काळा रंग उतरवला, कुजलेले पत्रे कापून नवे जोडले, इंजिन खोलून बसवलं, आणि सगळी गाडी पुन्हा जांभळी केली. आम्हा गाडीवेड्यांत रीत अशी की जुनी खूण दिसली की तिचा फोटो काढायचा, पत्रा घासून रंगवायचा आणि फोटो समोर ठेवून ती नव्या खडूने परत काढायची. नवी असते पण जुन्यासारखी दिसते, आणि प्रदर्शनातले परीक्षक खूश होतात. मी घासायचं यंत्र घेऊन पत्र्यासमोर उभा राहिलो तेव्हा वँडा मागे येऊन थांबली. मी यंत्र खाली ठेवलं. जेवणाच्या ताटाएवढा मूळ रंग तसाच राखला आणि नवा रंग त्याच्या कडेपर्यंत आणून थांबवला.

सप्टेंबरात स्टर्लिंग हाइट्सच्या मैदानावर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. सासऱ्यांना आम्ही घडीची खुर्ची टाकून गाडीशेजारी बसवलं, हातात पोलिश सॉसेज आणि पाव दिला. आमचा परीक्षक चाळिशीचा, पांढरे हातमोजे घातलेला, अगदी नेमका माणूस. त्याने गाडीखाली झोपून पाहिलं, स्क्रूची डोकी पाहिली, आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला कळत होतं की गाडी त्याला आवडलीय. मग त्याने बॉनेट उघडलं आणि विजेरी पत्र्यावर धरली.

तो मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला की एवढं सुंदर काम केलंत आणि इथे माती का खाल्लीत? हा गळवाला तपासनीस त्याला चांगला ठाऊक होता. त्या कारखान्याच्या दहाबारा गाड्यांवर त्याने ही खूण पाहिली होती. "तो माणूस डावखुरा असणार, त्याचा गळ डावीकडे कलतो. हा उजवीकडे आहे. कुणीतरी नक्कल केलीय. आणि वर एवढा जुना रंग सोडून दिलाय. मला गुण कापावे लागतील."

मी तोंड उघडणार एवढ्यात वँडा पुढे झाली. गाडीचं बॉनेट कुठून उघडतं हेही तिला नीट माहीत नव्हतं. पण ती पत्र्यापाशी गेली आणि त्या पिवळ्या रेघेखाली बोट धरलं.

"नक्कलच आहे," ती म्हणाली. "कापा गुण. हवे तेवढे कापा."

परीक्षक गोंधळला. त्याला वाटलं बाई रागावली. खुर्चीतून सासऱ्यांनी पावाचा घास तसाच धरून तिच्याकडे पाहिलं. पहिलं बक्षीस एका नारिंगी गाडीला गेलं. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही, मी काही संत नाही.

परत येताना सासरे मागच्या सीटवर झोपी गेले. त्यांच्या घराकडे वळायचा चौक आला तेव्हा मी वळायचा दिवा लावला. वँडाने हात पुढे करून तो बंद केला.

"सरळ घरी चल," ती म्हणाली. "आणि उद्या ती मागची खोली रिकामी कर. ताताला जिना चढवत नाही."